यादीत नसलेले घेणेकरी

१४ जानेवारी, शनिवार

आज वेर्टने कोल्ड स्टोरेजच्या किल्ल्या ओल्डेनबुर्गहून आलेल्या डॉ. लामर्सबाईंच्या हातात दिल्या. कोर्टाने कंपनी आता त्यांच्या ताब्यात दिली आहे. दिवाळं निघालं हे गावाला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं, आज फक्त कुलूप लागलं. दारावरची 'फ्रेरिक्स बंधू' ही पाटी हार्मने रंगवली होती, तेव्हा मी खाली शिडी धरून उभी होते. लामर्सबाईंनी विचारलं, पाटी उतरवायची का. वेर्ट म्हणाला, राहू द्या, कोळंबीला वाचता येत नाही. बाई हसल्या नाहीत. मीही हसले नाही, पण हसू आलं होतं.

हार्म जाऊन सहा वर्षं झाली. पेट्या धुता धुता खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्यामागे कंपनी वेर्टने, त्याच्या धाकट्या भावाने, एकट्याने ओढली. आमच्या ओस्टरझील गावच्या बोटी आणतील ती कोळंबी घ्यायची, थंड करायची, सोलायला मोरोक्कोला पाठवायची आणि परत आली की विकायची. डिझेल महागलं, हॉलंडवाल्यांनी भाव पाडला, बँकेने हात आखडला. मला कळतं ते एवढंच.

वेर्ट कोल्ड स्टोरेजच्या माडीवर राहायचा. ती खोलीही कुलपात गेली. हल्ली तो फोल्कर्टच्या बोटीवर झोपतो. फोल्कर्टला कंपनीकडून उन्हाळ्यातल्या कोळंबीचे पैसे अजून यायचे आहेत, आणि अंथरूण त्यानेच दिलं आहे. दुपारी वेर्ट जेवायला माझ्याकडे येतो, पूर्वीसारखाच.

१७ जानेवारी, मंगळवार

लामर्सबाईंचं पत्र आलं. या वेळी माझ्या नावावर.

हार्म गेल्यावर नॉर्डेनच्या नोटरीने मला समजावलं होतं. वेर्ट पूर्ण जबाबदारीचा भागीदार, त्याचं होतं नव्हतं सगळं पणाला. तुम्ही मर्यादित भागीदार. तुमच्या नावापुढे एक रक्कम नोंदवलेली आहे, ती सगळ्या जगाला दिसते, आणि तिच्यापलीकडे तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. मला ते समुद्राच्या बांधासारखं वाटलं होतं. पाणी पलीकडे, मी अलीकडे.

आता बाई लिहितात की ती रक्कम कंपनीत असायला हवी आणि ती तिथे नाही. वेर्ट दर महिन्याला हार्मचा वाटा म्हणून मला जे देत आला तो नफा नव्हता, कारण नफा झालाच नव्हता. माझंच भांडवल मला थोडं थोडं परत मिळत होतं. जेवढं परत घेतलं तेवढं पुन्हा भरायचं, म्हणजे घेणेकऱ्यांना त्यातून देता येईल.

मी ते पैसे खाल्ले. छप्पर नवं केलं, लेकीच्या, इम्केच्या, पोराला सायकल घेतली, माझ्यासाठी पुस्तकं घेतली. आता भरण्याजोगी एकच गोष्ट माझ्याकडे उरली आहे, आणि तिच्यातच बसून मी हे लिहिते आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

इम्केचा हॅनोव्हरहून फोन. तिला सांगायला नको होतं, पण लेकीपासून लपवायचं तरी कसं. ती वेर्टवर भडकली. म्हणाली, काकाने तुला बुडवलं, आणि तू अजून त्याला बटाटे उकडून घालतेस. मी म्हटलं, बटाटे कोर्टाच्या यादीत नाहीत. त्यावर ती रडायला लागली. म्हणाली, माझ्याकडे राहायला ये, आमची वरची खोली रिकामी आहे, हार्म गेल्यापासून तेच सांगतेय. खरंच तेव्हापासून सांगतेय. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. माझ्या माडीवरून निदान डोलकाठ्या दिसतात.

फोन ठेवला आणि रेडिओवर दर्याचं हवामान लावलं. आमची बोट कधीच नव्हती. हार्म ऐकायचा, म्हणून मी ऐकते. वायव्येचा वारा, जोर वाढणार.

२६ जानेवारी, गुरुवार

बसने नॉर्डेनला गेले. वाचनालयातल्या मुलीकडे व्यापार कायद्याचं जाड पुस्तक मागितलं, तर तिला वाटलं मी चुकून मागते आहे. मी शाळा लवकर सोडली, पण वाचायची सवय कधी सुटली नाही. हार्म म्हणायचा, हिला साबणाच्या पुड्यावरचंही शेवटपर्यंत वाचावं लागतं.

दिवसभर बसून ती कलमं वाचली. भाषा कोरडी, पण एकदा सूर सापडला की अर्थ लागतो. मला वाटलं होतं कायदा कोणा सावकाराच्या बाजूने लिहिला असेल. तसं नाही. ज्याने माझ्या नावापुढची रक्कम बघून आपला माल उधार दिला, त्याला उद्या तिथे भोपळा सापडू नये, एवढंच त्यात आहे. फोल्कर्टच्या जागी मी असते तर मलाही तेच हवं असतं. शिव्या घालायला काही सापडेना, म्हणून आणखी गुदमरल्यासारखं झालं.

एक पळवाट होती. हिशोबात नफा दाखवलेला असेल आणि तो खरा मानून मी पैसे घेतले असतील, तर परत द्यायचे नाहीत. वाचनालयासमोरच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बाई, दरवर्षीच्या हिशोबात तोटा आहे आणि खाली तुमची सही आहे. वेर्ट जेवायला येताना ते कागद आणायचा. मी बशी बाजूला सारून सही करायचे.

बस सुटायला वेळ होता. बाजारात फिरले. गरज नसताना लोकर घेतली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

लामर्सबाई फोनवर सहज बोलून गेल्या की वेर्टने सहा वर्षं कंपनीतून पगार उचललेला नाही. त्यांना त्याचंच नवल वाटत होतं. ताळेबंद उघडला की दोनच नावं सारखी दिसतात, म्हणाल्या, ज्याने काहीच घेतलं नाही तो, आणि जिला दर महिन्याला मिळालं त्या तुम्ही.

आज दुपारी वेर्टला विचारलं. तो ताटातला मासा सोडवत होता. नफा नव्हता तर मला पैसे का दिलेस? तो म्हणाला, हार्मचा वाटा होता. मी म्हटलं, वाटा कशातला, खड्ड्यातला? वेर्ट गप्प बसला की समोरच्याला आपलाच आवाज मोठा वाटायला लागतो. मी बोलत राहिले. तुझ्या या उपकारापायी माझं घर जातंय. हार्म असता तर त्याने मला सरळ सांगितलं असतं, गेस्के, पैसे नाहीत.

त्याने काटा बशीच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "सांगितलं असतं तर तू हॅनोव्हरला गेली असतीस."

मी म्हटलं, गेले असते तर गेले असते. निदान घर विकून चार पैसे गाठीला राहिले असते.

"हो," तो म्हणाला. मग भांडी धुऊन गेला.

साठीच्या माणसाला एवढा हिशोब कळू नये. मी हॅनोव्हरला गेले असते तर कंपनीचं भलंच झालं असतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. भावाला शब्द दिला असणार. हे फ्रेरिक्स शब्द देतात आणि मग त्याखाली सगळ्यांना चिरडतात.

११ फेब्रुवारी, शनिवार

खाडी गोठली आहे. बोटी धक्क्याला अडकून आहेत, माणसं दोर सांधत बसली आहेत. मीही तशीच.

या गावात कोणी माझ्याशी वाईट वागत नाही, तेच सोसवत नाही. बेकरीत गेले तर पिशवीत सांगितल्यापेक्षा जास्त पाव. फोल्कर्टची बायको तालेया भेटली, तिने माझी सर्दी विचारली, सांधे विचारले, इम्केची पोरं विचारली, आणि ज्या पैशाअभावी तिच्या नवऱ्याने यंदा इंजिन दुरुस्तीला टाकलं नाही त्याचं नावही काढलं नाही. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मला तिच्या दारात ताठ उभं राहता आलं असतं. गावातून बाहेर जायला एक बांधावरचा रस्ता आहे आणि एक बस. दोन्हींवर लोक हात करतात.

एका गोष्टीने मात्र आज धीर आला. घर जाणार ते जाणारच, पण पैसा बोटींकडे जाईल. फोल्कर्टचं इंजिन, एन्नोची जाळी, बाकीच्यांचंही काही ना काही. हार्मने तीस वर्षं त्यांची कोळंबी घेतली, त्याच्या घराने त्यांचे पैसे फिटले तर तो रागावणार नाही. मनाशी ठरवलं की लिलावापर्यंत ताणायचं नाही. बाईंना सांगायचं, मी स्वतःच विकते, तेवढा अवधी द्या. डुसेलडॉर्फचं एक जोडपं सुट्टीसाठी घर शोधतंय म्हणे.

आज बरेच दिवसांनी नीट जेवले.

१५ फेब्रुवारी, बुधवार

ओल्डेनबुर्ग. लामर्सबाईंनी मेअखेरपर्यंत मुदत दिली. वाटल्या होत्या तेवढ्या कठोर नाहीत, दात दुखत होता त्यांचा. सही झाल्यावर मी म्हटलं, आता फोल्कर्टला आणि एन्नोला साधारण किती मिळेल?

त्यांनी घेणेकऱ्यांची यादी काढली. बँक होती, डिझेलवाला, ट्रकवाला, मोरोक्कोची सोलणारी कंपनी, विमा. ओस्टरझीलमधलं एकही नाव नव्हतं.

मला वाटलं पान राहिलं. बाई म्हणाल्या, पान एवढंच आहे, फ्रेरिक्सबाई. ज्याचं येणं आहे त्याने ते लेखी मागायचं असतं. सगळ्यांना फॉर्म पाठवले होते, मुदतही लिहिली होती. मुदत गेली. तुमच्या मच्छीमारांपैकी कोणी काही मागितलेलंच नाही.

मी म्हटलं, न मागताही तुम्हाला माहीत आहे की.

"मला माहीत असून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "जो मागत नाही त्याचं मी राखू शकत नाही."

म्हणजे माझं घर बँकेला, डिझेलवाल्याला आणि विम्याला. निघताना त्यांनीच दारात थांबवून सांगितलं की उशिरा मागणाऱ्यांसाठी वेगळी तारीख लावता येते. त्याचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा, फार नसतो. पण त्यांनी स्वतः मागायला हवं. तुम्ही त्यांच्या वतीने मागू शकत नाही, तुम्ही तर देणाऱ्यांच्या बाजूच्या.

गाडीत सगळा वेळ याचाच विचार. मी देणाऱ्यांच्या बाजूची, आणि लोकांच्या हातापाया पडून त्यांना माझ्यावर वसुली लावायला सांगायची.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

फोल्कर्ट छपरीत बसून जाळं विणत होता. फॉर्म आला होता का? आला होता. मग? त्याने सुई दातात धरली, म्हणजे बोलायला नको. तालेया आतून म्हणाली, तो चुलीत गेला.

मी समजावलं. पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला दिसत होतं की यातलं काही आत जात नाही. शेवटी सुई काढून म्हणाला, "गेस्के, वेर्टकडे माझं येणं आहे ते वेर्टला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टाला कशाला सांगायचं?"

मी म्हटलं, वेर्टकडे आता काही नाही.

"नाही तर नाही. असेल तेव्हा देईल."

एन्नोकडे गेले, तिथे हेच, फक्त शिव्या जास्त. शिव्या बँकेला. तो म्हणाला, शेजाऱ्याच्या नावाने आम्ही आजवर कागद केला नाही. तुझ्या नवऱ्याला खांद्यावर नेलं, आणि आता त्याच्या भावावर फिर्याद? उद्या वेर्ट मेला तर मी कुठल्या तोंडाने पुढचा डावा खांदा देऊ?

मी म्हटलं, उजवा दे. त्याला ते आवडलं नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

मी त्यांना त्याच्याविरुद्ध उठवते आहे असं वाटून वेर्ट चिडेल, असं मला वाटत होतं. उलट झालं. यादीत त्यांची नावं नाहीत हे मी सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याला माहीतच नव्हतं. म्हणाला, मी रोज त्याच्या बोटीवर झोपतो आणि तो मला सांगत नाही. जेवण टाकून बाहेर गेला आणि माझ्या अंगणातली लाकडं फोडत बसला. यंदा पुरतील त्यापेक्षा जास्त फोडली. घर मे महिन्यात जाणार हे मी आठवण करून दिलं नाही.

१ मार्च, गुरुवार

सगळ्यांना चहाला बोलावलं. फोल्कर्ट, तालेया, एन्नो. वेर्टलाही. चहाला नाही म्हणता येत नाही, आणि तिसरा कप होईपर्यंत उठता येत नाही, या दोन गोष्टींचा मी फायदा घेतला. नाहीतर माझ्या हातात दुसरं होतं काय.

पहिल्या कपाला हवेवर बोललो. खाडी मोकळी होते आहे, पुढच्या आठवड्यात बोटी निघतील. दुसऱ्या कपाला मी नवे फॉर्म टेबलावर ठेवले. कोणी बघेना. एन्नोने त्यावर साखरेचं भांडं ठेवलं.

मग मी बोलले. रागात नव्हते, थकले होते. म्हटलं, हे घर जाणार आहे. तुम्ही लिहा की न लिहा, मला एक खिडकीसुद्धा जास्त उरणार नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की ते कोणाच्या घशात जावं. तुम्ही मोठेपणा दाखवलात तर तो मला नाही, बँकेला दाखवलात. माझ्या नवऱ्याचं घर तुम्ही बँकेला आहेर म्हणून देताय.

वेर्टने चमचा कपात ठेवला, म्हणजे त्याला पुरे, आणि फोल्कर्टला म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर मी आजपासून तुझ्या बोटीवर झोपत नाही."

"मग कुठे झोपशील?"

"बांधावर."

"तिथली मेंढरं लाथ मारतील," एन्नो म्हणाला.

तालेया हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. नवऱ्याला म्हणाली, अरे त्याच्या अंगात स्वेटर तुझा, तो झोपतो तुझ्या पांघरुणात, त्याला वाढते ती गेस्के. याच्यापासून आपण अजून काय राखून ठेवलंय की कागदाची लाज वाटावी? आणि इंजिनाशिवाय तू मार्चमध्ये कुठे जाणार, पोहत?

तिसऱ्या कपाला फोल्कर्टने पेन मागितलं. त्याच्यामागे एन्नोने. आकडे मी पाहिले नाहीत, ते त्यांचं. बाकीच्या बोटींना एन्नो सांगणार आहे, त्याच्या शिव्यांसकट.

१७ एप्रिल, मंगळवार

आउरिशचं कोर्ट. उशिरा आलेल्यांची तारीख. खोली शाळेच्या वर्गाएवढी, खिडकीत कॅक्टस. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई, शेजारी लामर्सबाई. मी मागच्या बाकावर, माझं तिथे काम नव्हतं.

पद्धत अशी, की एकेकाचं मागणं वाचायचं आणि विचारायचं, कोणाची हरकत? लामर्सबाईंची नव्हती. मग वेर्टला विचारायचं, कारण कंपनीच्या वतीने तोच. मला धाकधूक होती. सगळ्यांच्या देखत तुम्ही याचे देणेकरी आहात का असं विचारणार, आणि तो माणूस हार्मच्या लग्नातल्या सुटात उभा.

फोल्कर्टचं नाव वाचलं, रक्कम वाचली. फ्रेरिक्ससाहेब, हरकत?

"आहे," वेर्ट म्हणाला.

फोल्कर्टने टोपी हातात घट्ट धरली.

"रक्कम चुकली आहे. कमी आहे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा यात नाही."

अधिकारी बाईंनी कागद खालीवर केले. म्हणाल्या, जास्त मागितलं असेल तर हरकत घेता येते. कमी मागितल्याची हरकत मी लिहू कुठे?

"त्या आठवड्याची कोळंबी बारीक होती," फोल्कर्ट म्हणाला. "ती धरायची नाही."

"बारीक नव्हती. चाळणी मी धरली होती."

"मी पकडली होती. बारीक होती."

"फोल्कर्ट, ती हॉलंडला पहिल्या भावाने गेली."

"मग हॉलंडवाले आंधळे."

अधिकारी बाई लामर्सबाईंकडे बघत होत्या. लामर्सबाई म्हणाल्या की घेणेकऱ्याने स्वतः वाढवून मागितलं तरच वाढेल. दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही. फोल्कर्ट सरळ समोर बघत उभा राहिला. त्याला मी शाळेपासून ओळखते. तो असा उभा राहिला की गाढवही त्याच्याकडून शिकेल.

माझं तिथे काम नव्हतं, तरी मी उठले. म्हटलं, "फोल्कर्ट, ते पैसे माझ्या घरातून जाणार आहेत. तू कमी घेतलेस तर माझ्याकडचे वाचत नाहीत, दुसऱ्याकडे जातात. माझ्या घरावर तू सूट द्यायची नाहीस."

अधिकारी बाईंनी मला बसायला सांगितलं. मी बसले.

फोल्कर्टने टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. मग बाईंना म्हणाला, "लिहा. मोठी होती."

त्यासाठी त्याला आणखी एक अर्ज भरावा लागला. एन्नोने मग सांगून टाकलं की त्यानेही थोडं कमीच लिहिलंय, आणि तोही भरायला बसला. बोटींना शेवटी किती येईल ते लामर्सबाई अजून सांगत नाहीत. फार नाही येणार. पण यादीत आता ओस्टरझील आहे.

परत येताना फोल्कर्टच्या गाडीत चौघं. आउरिश मागे पडलं. मग मीच म्हटलं की डुसेलडॉर्फवाल्यांनी घर पक्कं केलं, किल्ल्या मेअखेर द्यायच्या. फोल्कर्टने विचारलं, मग हॅनोव्हर का? मी म्हटलं, नाही, तालेयाशी बोलणं झालंय, तुमच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेते, तुला तिने सांगितलं नसेल तर आता कळलं. फोल्कर्ट म्हणाला, घरात मला सगळ्यात शेवटीच कळतं.

वेर्ट माझ्या शेजारी बसला होता. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि गाव येईपर्यंत बाहेरच बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नेहमीचीच कुरणं.